कायम वर ठेवलेली खिडकी

महिपत केणे आमचे घरमालक. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला त्यांची चार मजल्यांची इमारत आहे आणि दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहते. माणूस कधी दिलखुलास हसलेला मी पाहिला नाही. भांडताना मात्र त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. आवाज चढायचा, खांदे सैल पडायचे, आणि मनासारखं काम मिळाल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसायचे. भांडण कशावरूनही चालायचं. कोणी गाडी तिरकी लावली, कोणी गॅलरीत चादर वाळत घातली, कोणाचा पाहुणा लिफ्टमध्ये पानमसाला खात होता. एक खरं की त्यांनी पाणी कधी कमी पडू दिलं नाही. बाकी त्यांच्याबद्दल बरं बोलायचं तर मला आठवावं लागतं.

त्यांचं आधीचं आयुष्य मला त्यांच्या बायकोने, मालनताईंनी सांगितलं. ते स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. जन्म खाडीकाठचा. वडील मिठागरावर राबायचे, घरची थोडी खारी जमीन होती, तिच्यात भात व्हायचं. महिपत शाळेत चौथीपर्यंत टिकले, मग मिठाच्या टोपल्या डोक्यावर आल्या. मिठागर बंद पडल्यावर ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत वॉचमन म्हणून लागले आणि तिथेच त्यांची तरणी वर्षं गेली. गेटवर बसायचं, येणाऱ्याची बॅग उघडायला लावायची, जाणाऱ्या गाडीची डिकी बघायची. साहेबांच्याही डिक्या ते सोडत नसत. त्यावरून तिथे त्यांच्याशी कोणी बोलत नसे, असं मालनताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात त्याचं कौतुक होतं की कंटाळा, ते मला कळलं नाही.

मग जमिनीला भाव आला. बिल्डरने खारी जमीन घेतली, बदल्यात ही इमारत मिळाली. महिपतांनी वॉचमनची नोकरी सोडली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्याच इमारतीचे वॉचमन झाले. पगारी माणूस ठेवायला त्यांचा सक्त नकार होता. दुसऱ्याच्या डोळ्यांवर आपलं घर सोडायचं नाही, म्हणायचे.

तळमजल्यावर रस्त्याकडेच्या गाळ्यात त्यांनी ऑफिस थाटलं. शटर, त्याच्या आत काचेचा दरवाजा, एक टेबल, फिरती खुर्ची आणि एक मोठ्या पडद्याचा कंप्युटर. इमारतीत आठ कॅमेरे बसवले होते. ते काम डोंबिवलीच्या धम्मपालचं. त्याचं स्टेशनजवळ कॅमेऱ्यांचं दुकान आहे. कंप्युटर जुना होता, म्हणून धम्मपालने त्यात एक फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि केण्यांना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून ती मराठीत करून दिली. आठ कॅमेऱ्यांचे आठ चौकोन एकाच खिडकीत दिसायचे. केण्यांची एकच मागणी होती, ही खिडकी कशाच्याही मागे जाता कामा नये. धम्मपालने खिडकीच्या वरच्या पट्टीवर माउसचं उजवं बटण दाबलं, यादी उघडली, त्यातल्या ‘कायम वर ठेवा’ या ओळीवर बरोबरची खूण केली. झालं. त्यानंतर त्या पडद्यावर काहीही उघडा, उजव्या कोपऱ्यात ती खिडकी सगळ्यांच्या पुढे बसलेली असायची.

मजल्यांवरच्या पॅसेजमध्ये छताला जे गोल काळे कॅमेरे होते, त्यांच्याबद्दल आम्ही भाडेकरूंनी सुरुवातीलाच विचारलं होतं. त्यांचं तोंड जिन्याकडे आहे, चोरासाठी आहेत, असं उत्तर मिळालं. काळ्या काचेतून आतला डोळा कुठे वळलाय ते खालून दिसत नाही. आम्ही विश्वास ठेवला.

केण्यांचा एकुलता एक मुलगा ऋतुराज. भिवंडीला एका गोदामात सुपरवायझर आहे, सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. त्याची बायको भावना, माहेर ठाकुर्लीचं. बीकॉम झालेली. लग्नाआधी ठाण्याला नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात जायची. हर्षित झाल्यावर नोकरी सुटली. तो नर्सरीत जायला लागला तेव्हा ती मला म्हणाली की शुभदाताई, घरी बसून डोकं गंजलंय, काही काम असेल तर सांगा. मी नौपाड्यातच एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आमच्या डॉक्टरांना बिलं, खरेदी, विम्याचे कागद कंप्युटरवर भरायला कोणीतरी हवंच होतं. घरी बसून करण्यासारखं काम. मी तिचं नाव सुचवलं.

घरात कंप्युटर एकच, तो खालच्या ऑफिसातला. दुपारी केणे जेवून वर आडवे होत, तेवढ्या वेळात भावनाने तिथे बसायचं असं ऋतुराजने ठरवून दिलं. केण्यांनी हो म्हटलं, पण सुनेला समोर उभं करून बजावलं.

“ती खिरकी हलवाची नाय.”

पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं की या अटीत काम होणं अशक्य आहे. दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये रकमेचा रकाना आणि ‘जतन करा’चं बटण नेमकं उजवीकडे वर होतं, कॅमेऱ्यांच्या खिडकीखाली. खिडकी डावीकडे सरकवली की पेशंटचं नाव झाकायचं. लहान केली की केणे उठून आल्यावर ती ओढून होती त्याहून मोठी करून ठेवायचे. त्यात आणखी एक त्रास होता. गेटवर काहीही हललं की ती खिडकी स्वतःच जागी व्हायची आणि टायपिंग आपल्याकडे ओढून घ्यायची. भावना मान खाली घालून अख्खी नोंद टाइप करायची आणि वर बघायची तर रकाना कोरा. गेटमधून कुत्रं गेलेलं असायचं. एकदा या गडबडीत एका बाईंच्या काढलेल्या दाढेचं बिल दुसऱ्याच पेशंटच्या नावावर चढलं. त्या माणसाने काउंटरवर येऊन मला वाट्टेल ते सुनावलं. डॉक्टर मला बोलले, मी भावनाला बोलले.

तिने सासऱ्यांना नीट समजावून सांगितलं. काम करते तेवढा वेळ खिडकी मागे राहू द्या, कॅमेरे चालूच असतात, रेकॉर्डिंग होतच असतं. केण्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की तुझ्या पगारावर हे घर चालतंय का. ती म्हणाली, नाही चालत. मग खिडकी वरच राहील, ते म्हणाले.

कंप्युटर मराठीत होता, त्यामुळे भावनाला शोधायला वेळ लागला नाही. तिने त्या पट्टीवर उजवं बटण दाबलं आणि ‘कायम वर ठेवा’ची खूण काढून टाकली. त्या दुपारी तिने तुंबलेलं सगळं काम उरकलं. केणे खाली आले तेव्हा पडद्यावर फक्त दवाखान्याची बिलं होती. त्यांचा आवाज मी आजारपणाची रजा घेऊन घरी झोपले होते तिथपर्यंत आला. कॅमेरे बंद केले, घर उघडं टाकलं, बाहेरच्या लोकांचं काम करायला आमच्या डोळ्यांवर फडकं टाकलं. भावनाने खालच्या पट्टीवर टिचकी मारून खिडकी वर आणून दाखवली. बघा, इथेच आहे, फक्त खाली होती.

“खाली हाय म्हंजे नाय,” केणे म्हणाले.

धम्मपालला बोलावणं गेलं. त्याने सेटिंगमध्ये जाऊन त्या खिडकीसाठी वेगळा नियमच लिहिला. त्या नियमात खूण ठेवायची की नाही हे वापरणाऱ्यावर सोडायची सोय असते, आणि ‘सक्ती’ हा पर्यायही असतो. केण्यांनी सक्ती निवडली. आता यादीतली खूण काढली तरी ती परत आपोआप यायची. धम्मपाल निघताना भावनाकडे न बघता म्हणाला की वहिनी, मला फोन येतो, मी करतो. तिने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पण सेटिंगच्या त्याच पानावर तिला दुसरी गोष्ट दिसली होती. एकाच कंप्युटरवर दोन डेस्कटॉप करता येतात. दोन बटणं दाबली की पहिला सगळा बाजूला सरकतो आणि दुसरा, रिकामा, समोर येतो. सक्तीचा नियम खिडकीला वर ठेवत होता, पण पहिल्याच डेस्कटॉपवर. भावनाने दुसऱ्यावर आपलं काम थाटलं. सासऱ्यांच्या चपलांचा आवाज आला की दोन बटणं दाबायची, खिडकी हजर. नवरात्र असं सुखात गेलं. त्या दिवसांत भेटली की ती हसायची, आणि आमच्या डॉक्टरांचीही तक्रार नव्हती.

दसऱ्यानंतर एका रात्री जेवताना केण्यांनी ताटावरून मान वर न करता मालनताईंना सांगायला सुरुवात केली. सून मंगळवारी किती वेळ माहेरी फोनवर होती. बुधवारी तिने टेबलावर बसून डबा खाल्ला. आणि कंप्युटरवर कॅमेऱ्यांची खिडकी नसते, तिथे दुसरंच काही असतं. भावना समोर वाढत होती. तिला आधी वाटलं, कोणीतरी चुगली केली. मग तिच्या लक्षात आलं की आठवा कॅमेरा ऑफिसातलाच आहे, तिच्या खुर्चीच्या मागे, छताला. सासरे संध्याकाळी खाली बसून तिच्या दुपारचं रेकॉर्डिंग बघत होते.

तिने भाजीची वाटी खाली ठेवली आणि ऋतुराजला विचारलं, तुला हे माहीत होतं का. तो म्हणाला, बाबांची सवय आहे, मनावर घेऊ नकोस.

धम्मपाल पुन्हा आला. खिडकी आता ‘सगळ्या डेस्कटॉपवर’ झाली, वर, सक्तीने. भावनाला कुठेही गेलं तरी ती समोर. शिवाय केणे जेवायला वर जाताना माउस काढून खिशात घालून न्यायला लागले. तिने डोंबिवलीहून स्वतःचा माउस आणला. घरात दोघांचं बोलणं बंद झालं. केण्यांना पाणी हवं असलं तर ते मालनताईंना सांगायचे, त्या भावनाला सांगायच्या, आणि पाणी कोणी देण्याआधी ते स्वतःच उठून घ्यायचे.

आता खिडकी हटतच नाही म्हटल्यावर भावना तिच्यात बघायला लागली. तोपर्यंत तिने त्या चौकोनांकडे नीट पाहिलंच नव्हतं, फक्त त्यांच्या कडेकडेने काम केलं होतं. गेट, गाड्यांची जागा, पाण्याची टाकी, जिन्याची सुरुवात. आठव्यात तिची स्वतःची पाठ, वेणी, आणि पाठीपलीकडे पडदा, ज्यात पुन्हा तोच चौकोन बारीक दिसत होता. आणि पाच, सहा, सात. त्या तिघांत जिना कुठेच नव्हता. तिथे दारं होती.

नेमकं त्याच सुमारास कृतिकाचं प्रकरण झालं. कृतिका तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. मूळची सोलापूरकडची, कल्याणला एका हॉस्पिटलात नर्स. तिच्या ड्युट्या वेळी-अवेळी, त्यामुळे येणं-जाणंही तसंच. केण्यांनी तिला गेटवर अडवून सांगितलं की घर खाली कर. कारण विचारल्यावर म्हणाले, लोक बोलतात. कोण येतं, किती वेळ बसतं, हातात कसली पिशवी असते, सगळं लोकांना दिसतं. येणारा तिचा मावसभाऊ होता. आईने पाठवलेली ज्वारी घेऊन आलेला. कृतिका तशीच माझ्याकडे आली. ती मला विचारत होती की ताई, कोण लोक? माझ्या समोरच्या घराला कुलूप आहे. पिशवी बघितली कोणी?

मी हे भावनाला सांगितलं.  ती म्हणाली, उद्या सुट्टी आहे ना तुम्हाला, दुपारी खाली या.

मी गेले. तिने मला केण्यांच्या खुर्चीत बसवलं आणि सहाव्या चौकोनावर टिचकी मारली. तो पडदाभर मोठा झाला. माझं दार होतं. पायपुसणं, चपलांची फळी, दुधाची पिशवी अडकवायचा हूक. कामवाली आत लादी पुसत होती म्हणून दार उघडं होतं आणि उघड्या दारातून माझा पलंग उशीपर्यंत दिसत होता. माझा नवरा वारल्यापासून मी एकटी राहते. सकाळी दूध घ्यायला कशा अवतारात दार उघडते, उन्हाळ्यात वाऱ्यासाठी दार कितीदा सताड टाकून ठेवते, ते सगळं मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या एकदम आठवलं.  मी त्या क्षणी केण्यांना समोर बघितलं असतं तर काय केलं असतं सांगता येत नाही.

मी म्हणाले, पोलिसांत जाऊ या. भावनाने चौकोन परत लहान केला.

“जाऊ ना,” ती म्हणाली. “पण आधी सगळ्यांना दिसू दे. सांगितलं तर ते म्हणतील, सून खोटं बोलते.”

पुढच्या रविवारी दिवा गावी केण्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता. केणे आणि मालनताई दुपारीच गेले. ऋतुराज हर्षितला घेऊन त्यांच्याबरोबर गेला. भावनाने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तिने ऑफिसचं शटर वर केलं आणि कंप्युटरचा पडदा टेबलावर फिरवून काचेच्या दाराकडे, म्हणजे रस्त्याकडे, तोंड करून ठेवला. मग सेटिंग उघडली. धम्मपालने केलेला नियम तसाच होता, कायम वर, सगळ्या डेस्कटॉपवर, सक्ती. तिने त्यात दोन ओळी वाढवल्या. खिडकीचा आकार, पूर्ण पडदाभर. खिडकीची चौकट, नको. चौकट गेली म्हणजे वरची पट्टीही गेली, आणि पट्टी नसली की उजवं बटण दाबायला जागाच उरत नाही. त्यांनाही सक्ती. मग तिने स्वतःचा माउस काढला आणि सासऱ्यांनी घरी ठेवलेल्या माउससकट ओढणीत बांधला.

मी गेटपाशी उभी होते. कृतिकाही आली. रविवारचे लोक बाजार करून, देवळात जाऊन परतत होते. पहिले थांबले ते चौथ्या मजल्यावरचे एक रिक्षावाले, बाबुराव म्हणून. त्यांनी काचेतून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. सातव्या चौकोनात त्यांचं दार होतं, आणि त्याच वेळी ते उघडलं. त्यांची बायको गाऊनवर कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली, ती ठेवली, पाठीला खाजवत आत गेली. खाली आम्ही पाच-सहा जण ते बघत होतो. बाबुरावांनी मागे वळून आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की सगळ्यांनी माना खाली घातल्या.

नंतर गर्दी वाढत गेली. प्रत्येक जण आधी आपलं दार शोधायचा. दुसऱ्याचं दार दिसलं की तोंड वळवायचा. कोणी हसलं नाही. एका पोराने मोबाइलवर फोटो काढायला घेतला, कृतिकाने त्याच्या हातातून मोबाइल काढून खाली धरला.

ऋतुराज आणि हर्षित मागून येणार होते. केणे मालनताईंबरोबर रिक्षातून उतरले तेव्हा काचेसमोर पंचवीसेक माणसं असतील. त्यांना वाटलं, चोरी झाली. ते लोकांना ढकलत आत गेले आणि पडद्यासमोर पोचल्यावर थबकले. मग ती खिडकी खाली घालायची त्यांची धडपड सुरू झाली. माउस शोधला, नव्हता. खिशातला काढायला गेले, तो साखरपुड्याला जाताना घरी ठेवलेला. टेबलामागे जाऊन कीबोर्डच्या बटणांवर बोटं आपटली, एकदा, दोनदा, सगळ्याच बटणांवर. काही झालं नाही. आठव्या चौकोनात त्यांची पाठ दिसत होती, नवा कोरा शर्ट घातलेली, वाकलेली, आणि तिच्यापलीकडे काचेला चिकटलेले आमचे चेहरे. बाबुराव बाहेरून शिवी देऊन म्हणाले की आता बघ की, बघ तुझी पाठ. तेव्हा केण्यांनी खाली बसून वायर उपटली.

भावना दारातच उभी होती. केण्यांनी तिच्यावर हात उगारला. मी पुढे झाले, पण त्याआधी ती बोलली, आवाज अजिबात न चढवता.

“बाबा, मारायचं तर मारा. वायर परत लावा आणि मारा. आठ नंबरमध्ये दिसेल.”

हात तसाच राहिला. केणे आमच्याकडे वळून बोलू लागले की माझा घर हाय, माझी जागा हाय, मी बगतंय म्हनून हिथं कोनाची चोरी नाय झाली. लोक ओरडत होते, तेही ओरडत होते, नेहमीसारखे खांदे सैल सोडून. तेवढ्यात मालनताई गर्दीतून आत आल्या. त्यांनी नऊवारीचा पदर खोचला आणि नवऱ्याला विचारलं.

“यात आपला दार हाय?”

केण्यांची नजर काळ्या पडलेल्या पडद्याकडे गेली. चौथ्या चौकोनात जिन्याची सुरुवात होती, आणि वर पहिल्या मजल्यावरचं केण्यांचं स्वतःचं दार त्यात अर्धं येत होतं, हे भावनाने मला आधीच दाखवलेलं. मालनताईंना तेव्हा ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की मी एवढी वर्षं बाजारात जाऊन आले की तुमी मला भाव विचारायच्या आधीच पिशवीत काय हाय ते सांगत होतात, मला वाटायचं तुमी मला ओलखता. एवढं बोलून त्या वर निघून गेल्या. 

दुसऱ्या दिवशी भाडेकरू जमून गेले. कॅमेरे काढा नाहीतर पोलिसांत जातो, असं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, पण कागद दाखवावा लागला नाही. धम्मपालने शिडी लावून पॅसेजमधले तिन्ही कॅमेरे उतरवले. केणे शिडीशी उभे राहून प्रत्येक स्क्रू मोजून घेत होते. कृतिकाने धम्मपालला विचारलं की दारांकडे तोंड करताना तुला काही वाटलं नाही का. तो म्हणाला, मालक सांगेल तिकडे वळवतो. तिने त्याला सांगितलं की मग माझ्यासमोर उभा राहू नकोस. तो शिडी घेऊन निघून गेला. केण्यांनी शिडीला हातही लावला नाही.

ऋतुराजने पहिले दोन दिवस बायकोलाच दोष दिला. बापाची चारचौघांत अब्रू घालवलीस, मला सांगितलं असतंस. ती म्हणाली, तुला जेवताना विचारलं होतं. नंतर केण्यांनी फर्मान काढलं की सुनेने ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, आणि तिने सांगितलं की ऑफिसातच काय, या घरातही टाकणार नाही. महिन्याभरात ते तिघं ठाकुर्लीला भाड्याने राहायला गेले. ऋतुराज गेला तो मनापासून गेला असं मला वाटत नाही. सामान उतरवताना तो सारखा वर गॅलरीकडे बघत होता आणि गॅलरीत कोणी नव्हतं. भावनाने तिथे हप्त्यावर स्वतःचा कंप्युटर घेतला. दवाखान्याचं काम तीच बघते, आणि तिच्या नोंदीत चूक म्हणून सापडत नाही.

कृतिकानेही घर सोडलं. कॅमेरे गेले होते, तिला राहता आलं असतं, मीही म्हटलं राहा. तिने सांगितलं की या माणसाच्या छपराखाली मला झोप लागत नाही. किल्ली तिने मालनताईंच्या हातात दिली. केणे शेजारीच हात पुढे करून उभे होते.

मी राहिले. या भाड्यात स्टेशनजवळ दुसरं घर मला मिळणार नाही, आणि एका माणसाच्या नजरेपायी मी माझं सामान का हलवायचं? केण्यांशी मी बोलत नाही. पॅसेजचे कॅमेरे गेल्यापासून त्यांनी जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आहे. दिवसाचा बराच वेळ तिथेच असतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीपासून चपलांपर्यंत उघड उघड बघतात. आम्हीही बघतो. बाबुराव तर समोर थांबून त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून विडी संपवतात आणि मग वर जातात. मालनताई नवऱ्याला जेवायला बोलावतात, पण बाजारात जाताना पिशवीवर टॉवेल टाकतात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, भाजीला ऊन लागतं.

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी भावना हर्षितला आजीकडे आणून सोडते. ती गेटच्या आत येत नाही. स्कूटर बरोबर गेटच्या मधोमध उभी करते, हर्षितला उतरवते आणि मालनताई येईपर्यंत सीटवर बसून राहते. केणे खुर्चीतून बघत असतात. मागच्या खेपेला त्यांनी मालनताईंना मोठ्याने सांगितलं की तिला सांग, गेट मोकळा ठेव. मालनताईंनी नातवाचा हात धरला आणि त्या आत निघून गेल्या, निरोप न देता. भावनाने ते ऐकलं होतं. तिने हेल्मेट काढून आरशाला अडकवलं, मोबाइल काढला आणि तिथेच बसून राहिली.